सर्फ-ए-खास मुबारक

2023 च्या दिवाळीआधी मराठवाड्यात घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या. शिंदे समितीसाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधणं सुरू होतं, तहसिलांतले मोडी आणि उर्दूचे गठ्ठे फडक्यानं पुसून बाहेर काढले जात होते, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आपल्या पणज्याच्या नावापुढचा तो एक शब्द कुठंतरी सापडेल. माझ्या पुतण्यालाही वाटलं. गाव कळंबकडचं. आमची ट्रंक माळवदाच्या खोलीत गाद्यांच्या ढिगाखाली होती. ती त्यानं अंगणात आणली, वरची धूळ गोणपाटानं झटकली आणि लातूरला मला फोन केला.

"काका, कागदं लई हायेत. तुमी ब्यांकेत व्हता, तुमालाच कळतील."

बँकेत मी चौतीस वर्षं होतो हे खरं, पण उर्दू माझ्या वडिलांना यायचं, मला नाही. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात झाली. मरेपर्यंत किराण्याची यादी ते उजवीकडून डावीकडे लिहायचे आणि दुकानदाराला वाचून दाखवायला स्वतःच जायचे. मी कागदांची पिशवी भरली आणि लातुरातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेली. सर नव्वदीला टेकलेले. भिंग घेऊन त्यांनी पहिलाच कागद उचलला, वरची छापील ओळ वाचली आणि हसले.

"सर्फ-ए-खास मुबारक," ते म्हणाले. "मुबारक तर बघा! अहो, तुमचं गाव सरकारात नव्हतंच. हुजूरच्या खिशात होतं."

नोंद काही सापडली नाही. म्हणजे पुतण्याला हवी होती ती. पण त्या वाक्यानं माझं डोकं धरलं ते धरलंच.

हैदराबाद संस्थानात जमिनीच्या ढोबळ तीन तऱ्हा होत्या. दिवाणी, म्हणजे सरकारची. तिचा सारा राज्याच्या तिजोरीत जायचा. जहागिरी, पायगा, संस्थानं, म्हणजे अमीर-उमरावांची. तिथला सारा त्यांच्या वाड्यात. आणि तिसरी सर्फ-ए-खास, खुद्द निजामाची. सर्फ म्हणजे खर्च. खास खर्चासाठी राखून ठेवलेला मुलूख, असा त्याचा सरळ अर्थ. राज्याच्या ब्याऐंशी हजारांवर चौरस मैलांपैकी सुमारे 8 हजार चौरस मैल या एका माणसाच्या घरखर्चाला लावलेले होते, आणि त्यांचं उत्पन्न शेवटच्या काळात वर्षाला अडीच कोटींच्या आसपास होतं. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, त्याचा मोठा भाग यात मोडायचा.

शेतकऱ्याला फरक काय पडत होता? पट्टी तर दोन्हीकडे भरावी लागायची. गावात पाटील तसाच, पटवारी तसाच, गिरदावर घोड्यावरून तसाच यायचा. फरक होता तो पैसा पुढं कुठं जायचा याचा. दिवाणीतला पैसा निदान कागदावर तरी शाळा, दवाखाना, सडक, पोलीस अशा खात्यांत वाटला जायचा. सर्फ-ए-खासातला पैसा जायचा तो किंग कोठीकडे, म्हणजे हैदराबादेतल्या निजामाच्या वाड्याकडे. हुजूरच्या कुटुंबकबिल्याला, नोकरचाकरांना, तबेल्याला, आणि उरलेला पेट्यांत. मी आयुष्यभर खाती बघितली. एकाच शिक्क्यानं दोन खाती चालवणारी माणसं बघितली. एका खात्यात नुकसान दाखवायचं, दुसऱ्यात शिल्लक, आणि दोन्हींवर सही एकच. सातव्या निजामाचा, मीर उस्मान अली खानांचा, फोटो 'टाइम' साप्ताहिकानं 1937 च्या फेब्रुवारीत मुखपृष्ठावर छापला तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. त्या श्रीमंतीचे आकडे आजही भक्तिभावानं सांगितले जातात. जेकब हिऱ्याचा पेपरवेट, मोत्यांच्या राशी. मला मात्र आता तो फोटो बघितला की आमच्या शिवारातली ज्वारी दिसते.

गंमत म्हणजे आमचा जिल्हा याआधी एकदा चक्क गहाण पडला होता. निजामाच्या खर्चानं ठेवलेली, पण इंग्रजांच्या हुकमातली एक फौज होती, कंटिंजंट. तिच्या पगाराची बाकी चढत गेली. 1853 च्या तहात ती बाकी वळती करण्यासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमचं धाराशिव-नळदुर्ग कंपनीच्या ताब्यात गेलं. मेडोज टेलर नावाचा साहेब नळदुर्गला येऊन कारभार बघू लागला. 1857 नंतर, बक्षीस म्हणावं तसं, 1860 मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळालं. वऱ्हाड गेलं ते गेलंच. सावकार दागिना ठेवून घेतो आणि त्यातली एक नथ परत करतो, तसं. माणसांसकट जिल्हा गहाण टाकता येतो, हे बँकेत असताना मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता मी इंग्लंडकडे वळतो, कारण हा सगळा विचार खरं तर तिथूनही सुरू झाला. त्याच 2023 च्या मे महिन्यात तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट असली तर टीव्ही लागतोच. सगळ्यांनी तो सोन्याचा रथ बघितला. नंतर त्या सोहळ्याचा खर्च जाहीर झाला, 7 कोटी 20 लाख पौंड, बंदोबस्तासह. इंग्लंडमध्ये नोकरी करणारी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, इथं दरवर्षी राजवाड्याचा हिशेब छापून येतो, आणि दरवर्षी भांडणं होतात."

ती भांडणं मी वाचायला घेतली आणि मला आमचे सर आठवले. कारण तिथंही मूळ प्रश्न तोच आहे. खिसा कोणता?

1760 मध्ये तिसरा जॉर्ज गादीवर आला तेव्हा त्यानं राजगादीच्या जमिनींचं उत्पन्न पार्लमेंटच्या हवाली केलं आणि बदल्यात ठरलेली नेमणूक, म्हणजे खर्चाची रक्कम, घेतली. प्रत्येक नवा राजा हा सौदा पुन्हा करतो. त्या जमिनींचा कारभार बघणारी संस्था म्हणजे क्राउन इस्टेट. लंडनची मोक्याची बाजारपेठ, शेती, आणि किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ. 2012 पासून नवी पद्धत लागू झाली. क्राउन इस्टेटच्या दोन वर्षांपूर्वीच्या नफ्याचा ठरावीक हिस्सा सरकार राजाला देतं. आधी तो 15 टक्के होता. पुढे बकिंगहॅम राजवाड्याच्या जुन्या वायरी, नळ आणि बॉयलर बदलायचे ठरले. दहा वर्षांचं काम, 36 कोटी 90 लाख पौंडांचं. त्यासाठी 25 टक्के केला. आता 12 टक्के आहे.

टक्के कमी झाले म्हणून रक्कम कमी झाली असं समजू नका. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायला कंपन्यांनी समुद्रतळाचं भाडं भरलं आणि क्राउन इस्टेटचा नफा अब्जाच्या वर गेला. 2024-25 मध्ये राजाला मिळाले 8 कोटी 63 लाख पौंड. 2025-26 मध्ये 13 कोटी 21 लाख. वाढीव रक्कम राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी, असं सांगितलं गेलं. शिवाय कायद्यात अशी खुबी आहे की नफा घसरला तरी नेमणूक आदल्या वर्षाच्या खाली जाणार नाही. असलं कलम आमच्याकडच्या पीकविम्यात असतं तर! वाशी-भूमच्या माळावर आमच्याकडेही पवनचक्क्या फिरतात. त्या वाऱ्याचं भाडं कुणाला किती मिळालं यावर बांधाबांधाला वाद आहेत. तिकडं वारा सुटला की राजाला पैसे मिळतात, हे पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग आपल्याकडं सुटतो तो कुणाचा?"

राजवाड्याचे लोक ती 8 कोटी 63 लाखांची रक्कम लोकसंख्येनं भागून दाखवतात. माणशी सव्वा पौंडाच्या वर थोडी. एका चहाच्या कपाचेही पैसे नाहीत, म्हणतात. राजेशाही नको म्हणणाऱ्या 'रिपब्लिक' या संघटनेनं 2024 मध्ये केलेला हिशेब मात्र 51 कोटी पौंडांचा. एकाच घराचा खर्च, आणि दोन आकड्यांत जवळपास सहा पटींचा फरक. दोघंही बेरजेत चुकलेले नाहीत. एकानं पोलीस बंदोबस्त धरलेला नाही, दुसऱ्यानं धरला. एकानं डची धरलेल्या नाहीत, दुसऱ्यानं त्यांचं उत्पन्न देशाचं म्हणून बुडीत धरलं.

डची हा शब्द मला कळला तेव्हा मी मुलीला म्हणालो, "अगं, हे तर सर्फ-ए-खास!" लँकेस्टरची डची राजाची, कॉर्नवॉलची युवराजाची. पहिली राजगादीला जोडून पण क्राउन इस्टेटपासून वेगळी ठेवलेली 1399 पासून, दुसरी 1337 पासून. हजारो एकर शेती, घरं, दुकानगाळे. त्यांचं उत्पन्न नेमणुकीच्या वर, वेगळं. त्या मुलखात कुणी वारस न ठेवता, मृत्युपत्र न करता मेला तर त्याची मालमत्ता डचीकडे जाते. 1993 पासून राणीनं उत्पन्नावर कर भरायला सुरुवात केली, तोही स्वखुशीचा. आणि राजाकडून राजाकडे जाणाऱ्या मिळकतीवर वारसाकर नाही. बाकीच्या इंग्रजांना ठरावीक मर्यादेवर 40 टक्के आहे.

अर्थात फरक मोठा आहे आणि तो झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. तिथं हिशेब छापून येतो, लोक त्यावर शिव्या घालतात आणि रात्री घरी जाऊन झोपतात. आमच्या आजोबांना किंग कोठीचा हिशेब मागायचा म्हटलं असतं तर गावच्या चावडीपलीकडे जाता आलं नसतं. पण "खासगी" आणि "सरकारी" यांच्यामधली रेघ कुणी ओढली, आणि ती ओढताना कुणाचा हात धरलेला नव्हता, हे विचारायचं म्हटलं तर दोन्ही ठिकाणी मी ते विचारीन.

आता निजामानं दिलेल्या एका हाराची गोष्ट. 20 नोव्हेंबर 1947 ला राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. निजामानं लंडनच्या कार्तिए पेढीला कळवलं की राजकन्येला हवं ते निवडू द्या. तिनं एक मुकुट आणि प्लॅटिनमचा हिऱ्यांचा हार निवडला. हार आजही वापरात आहे. 2014 मध्ये युवराज विल्यमची बायको केट हिच्या गळ्यात तो दिसला होता. त्या नोव्हेंबरात आमच्याकडे काय चाललं होतं? लेव्हीचं धान्य वसूल होत होतं. लेव्ही हा शब्द आजीच्या तोंडून आला की त्यात अजून दम लागलेला ऐकू यायचा. मणामागं ठरलेली ज्वारी सरकारी भावानं द्यायची, पिकलं असो नसो. पेवात धान्य लपवलं म्हणून शेजारच्या वाड्यात खणाखणी झाली होती. तिरंगा लावणारी पोरं तुरुंगात होती. लग्नानंतर नऊ दिवसांनी निजामानं भारताशी जैसे थे करार केला, आणि पुढच्या दहा महिन्यांत रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं रातोरात बार्शी-सोलापूरकडे सरकली. आजी पाच महिन्यांच्या आत्याला घेऊन बैलगाडीनं गेली होती. हार कोणत्या खात्यातून दिला हे मला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण आजीनं तो टीव्हीवर बघितला असता तर तिनं ते बरोबर सांगितलं असतं.

17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला. तीन दिवसांनी, 20 तारखेला, लंडनच्या एका बँकेतल्या हैदराबादच्या खात्यातून 10 लाख 7 हजार 940 पौंड आणि 9 शिलिंग पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेले. नंतर निजाम म्हणाला, मी सांगितलंच नव्हतं. बँकेनं खातं गोठवलं. मग सत्तर वर्षं प्रश्न हाच की हा पैसा कुणाचा? राज्याचा, निजामाचा, की पाकिस्तानचा? लंडनच्या उच्च न्यायालयानं 2 ऑक्टोबर 2019 ला निकाल दिला: निजामाचा, आणि म्हणून आता त्याच्या वारसांचा व भारत सरकारचा. तोवर व्याजासकट तो साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेला होता. हा निकाल वाचताना माझ्यातला जुना कारकून फार सुखावला. पण चवथा हक्कदार कुणाच्या वकिलानं उभा केला नाही. हाली रुपयात पट्टी भरणारा.

हाली म्हणजे निजामाचा स्वतःचा रुपया. आमच्याकडे म्हातारी माणसं "हाली का कलदार?" असं विचारायची. कलदार म्हणजे इंग्रजी. सात हालीला सहा कलदार. हे आठवल्यामुळे मला एक कोडं सुटलं. संस्थानिकांना मिळणाऱ्या तनख्यांच्या याद्या बघताना निजामापुढचा आकडा मला नेहमी खटकायचा: वर्षाला 42,85,714 रुपये. म्हैसूरला 26 लाख, जयपूरला 18 लाख, सगळे कसे गोल. आणि याचाच हा असा तुटका का? एका दुपारी सहज 50 लाखांना सहानं गुणलं आणि सातानं भागलं. जमला. 50 लाख हाली! एका राज्याचं नाणं गेलं, राज्य गेलं, पण त्याचा भागाकार भारताच्या हिशेबात तसाच राहिला.

तनखा म्हणजे संस्थान सोडल्याची किंमत. 1949 च्या फेब्रुवारीत सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झालं. त्याबद्दल निजामाला तनख्याच्या वर वर्षाला 25 लाखांचा वेगळा मोबदला ठरला, आणि राजवाडे सांभाळायला आणखी 25 लाख. म्हणजे आमचं गाव हुजूरच्या खिशातून निघालं, पण फुकट निघालं नाही. देशभरचे तनखे मिळून सुरुवातीला वर्षाला पावणेसहा कोटींच्या आसपास होते. तेव्हाच्या 36 कोटी लोकांत वाटले तर माणशी अडीच आणे. इथंही चहाचाच कप! ते करमुक्त होते, घटनेच्या 291 व्या कलमानं हमी दिलेले. काठियावाडातल्या कटोडियाच्या दरबारांना वर्षाला 192 रुपये मिळायचे. त्यांची हमीही तीच.

आणि खरं सांगायचं तर त्या वेळच्या हिशेबानं सरकारला हा सौदा महाग पडला नाही. संस्थानांच्या रेल्वे, इमारती, रोकड, सगळं आलं. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडकडे जाणारी निजामाची मीटरगेज गाडी आली, जिच्यात बसून मी पहिली नोकरी करायला गेलो. म्हणून 1970 च्या भांडणात मला दोन्ही बाजूंची माणसं पटतात. लोकसभेत तनखे रद्द करायचं विधेयक मंजूर झालं, राज्यसभेत ते एका मताहूनही कमी फरकानं पडलं. 149 बाजूनं, आणि दोन-तृतीयांशाला हवे होते 149 आणि वर एक तृतीयांश. मग राष्ट्रपतींच्या आदेशानं संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली; डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. शेवटी 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीनं प्रकरण मिटलं. दिलेला शब्द मोडू नये हेही खरं, आणि दुष्काळाच्या तोंडावर असलेल्या देशानं करमुक्त नेमणुका का द्याव्यात हेही खरं.

मिटलं म्हणालो, पण तसं नाही. निजामाच्या ट्रस्टमधले 173 दागिने भारत सरकारनं 1995 मध्ये विकत घेतले, 218 कोटींना. त्यात जेकब हिराही होता. देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून घेतले, ते बरंच केलं. पण साऱ्यातून एकदा आणि करातून दुसऱ्यांदा, अशी ही खरेदी. वर मोबाइलवर दरवर्षी फिरतं की निजामानं 1965 मध्ये देशाला पाच टन सोनं दान दिलं. सरकारी माहितीप्रमाणे त्यानं 425 किलो सोनं संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवलं, साडेसहा टक्के व्याजानं. गुंतवणं वाईट नाही. पण मी बँकेतला माणूस, ठेवीला दान म्हणत नाही.

सरांकडे मी पुन्हा गेलो तो ट्रंकेतल्या एका पट्टीच्या पावतीसाठी. 1342 फसली, म्हणजे 1932-33. शेत आजोबांच्या वडिलांचं, रक्कम 14 रुपये 6 आणे, हाली. सरांनी कागद पालथा केला तर मागं मोडीत बारीक अक्षरं. आजोबांचं नाही, पणजोबांचं असणार. अंगठा लावणारे नव्हते ते. मोडीची माझी ओळख कामापुरती. लावत लावत गेलो. पटवारी, 8 आणे. चपराशी, 4 आणे. दौरा, कोंबड्या 3. इथं मी हसलो, कारण आजी सांगायची की दौरा आला अशी हाकाटी झाली की गावातल्या बाया आधी कोंबड्या डालून टाकायच्या. पुढं गाडी दोन दिवस, म्हणजे आपले बैल आणि आपला गडी साहेबाच्या सामानाला, वेठीला. त्यापुढं रक्कम नाही, नुसती रेघ. गवत दोन ओझी, त्यापुढंही रेघ. आणि सर्वांत खाली बेरीज मांडलेली, 14 रुपये 6 आण्यांवर कितीतरी जास्त.

पुतण्यानं पावतीचा फोटो काढला, पुढच्या बाजूचा. नोंद नसली तरी जुना कागद म्हणून फाइलला असू दे, म्हणाला. मागची बाजू मी स्वतःच वहीत उतरवून घेतली आहे. एक शब्द अडलाय. बेरजेच्या आधीच्या ओळीत आहे, 2 आण्यांपुढं. "ओटी" दिसतो, पण "रोटी"ही असू शकतो. आता औशाला मोडी वाचणारे एक गृहस्थ आहेत म्हणतात. पुढच्या बाजाराच्या दिवशी जाणार आहे.